पिनकोडपासून डिजिपिनपर्यंत
श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेला सहा अंकी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी लागू झाला. सारख्या नावांची गावे आणि निरनिराळ्या लिपींतले पत्ते यांमुळे होणारा टपालाचा घोळ त्याने आवरला. पण माणूस आत्ता कुठे आहे, हे त्याने कधीच विचारले नाही. मोबाइल मात्र नेमके तेच विचारतो, तेही दिवसभर. दर वेळी इतके नेमके ठिकाण लागत नाही. रुग्णवाहिकेला अचूक जागा हवीच, हा त्यावरचा आक्षेप रास्त आहे. तिथे पिनकोड तोकडाच पडतो. पण पावसाचा अंदाज सांगायला तालुका पुरतो. डाक विभागाने २०२५ मध्ये आणलेला डिजिपिन सुमारे ४ मीटरच्या चौकोनाला ओळख देतो, व्यक्तीला नव्हे. उद्याच्या मोबाइल सेवांनीही कामापुरतेच ठिकाण मागावे आणि काम संपताच ते पुसून टाकावे.