खेळण्यातल्या मोटारी का ठिसूळ होतात?

मोटारीची हुबेहूब छोटी प्रतिकृती घरी बनवताना चाके, आस, बंपर असे बारीक भाग घडवणे सर्वांत अवघड. म्हणून हौशी कारागीर ते धातूच्या जुन्या खेळण्यांतून काढून घेतात. तळाचा रिव्हेट ड्रिलने पोखरला, की गाडी सुटी होते. पण 1930 च्या दशकातल्या कित्येक गाड्या हात लावताच तडकतात.

लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने 1934 मध्ये आपल्या छोट्या मोटारींना ‘डिंकी टॉइज’ हे नाव दिले. जस्त आणि सुमारे 4 टक्के ॲल्युमिनियम यांच्या मिश्रधातूचा रस पोलादी साच्यात दाबाने भरून अशा गाड्या ओतत. हा मिश्रधातू सुमारे 385 अंश सेल्सिअसला वितळतो. त्यामुळे साचा दीर्घकाळ टिकतो.

दोष शिरला तो शिशामुळे. अमेरिकेतील न्यू जर्सी झिंक कंपनीने अतिशुद्ध जस्तावर आधारलेले ‘झॅमॅक’ मिश्रधातू 1929 मध्येच आणले होते. पण भट्टीत शिशाचा अंश मिसळला, की शुद्ध जस्ताचा उपयोग संपला. दमट हवेत स्फटिककणांच्या सीमांवरून गंज आत सरकतो, धातू फुगतो आणि भेगा पडतात. रंग देऊन हे थांबत नाही. मात्र हा ‘रोग’ संसर्गजन्य नाही; अशा गाडीची पोलादी आस खुशाल वापरावी.

आज ओतीव भागात शिसे सुमारे 0.005 टक्क्यांपर्यंतच चालते. किलोभर धातूत हे किती मिलिग्रॅम होते, ते विद्यार्थ्यांना काढायला सांगावे. उत्तर आहे अवघे 50! ‘किंचित अशुद्धी’ म्हणजे काय, हे त्यांना वेगळे समजावावे लागणार नाही.