अठ्ठेचाळीस वर्षांचा हॉब्ज आणि बनारसचे विझी

आज क्रिकेटवर बोलायचं आहे, पण स्कोअरकार्डावर कमी आणि सौद्यावर जास्त.

नोव्हेंबर २०२५ मध्ये रवींद्र जडेजा चेन्नई सोडून राजस्थानकडे गेला आणि संजू सॅमसन तिकडून चेन्नईला आला. तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेव्हा जे झालं असेल तेच माझ्याही ग्रुपवर झालं. निम्मे म्हणत होते, छत्तिशीतल्या माणसावर चौदा कोटी कसले घालताय? उरलेले म्हणत होते, अनुभव असा बाजारात रोज मिळत नाही. आयपीएलवाले याला ट्रेड म्हणतात. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये ही देवघेव शंभर वर्षांहून जुनी आहे आणि तिथेही दर मोसमात हाच वाद रंगतो. उतारवयाला लागलेला, नावाजलेला, महागडा फलंदाज घ्यावा की न घ्यावा?

आपल्याकडे असा सौदा सगळ्यात थाटात केला तो बनारसमधल्या एका राजकुमाराने, १९३० साली. त्याचा हिशोब अजून पुरता मिटलेला नाही. 'अजून' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, का ते पुढे येईलच.

महाराजकुमार ऑफ विजयानगरम, ऊर्फ विझी. हे विजयानगरम म्हणजे हंपीचं विजयनगर नव्हे, तर आंध्र किनाऱ्याजवळचं, पुसापाटी घराण्याचं संस्थान. विझी धाकटे. थोरल्या भावानंतर गादी पुतण्याकडे गेली आणि हे येऊन राहिले काशीत, घराण्याच्या इस्टेटीवर. आपण मराठी माणसं काशीला जातो ती दुर्गाघाट, ब्रह्माघाट, भोसले घाट, अहिल्याबाईंचं देऊळ डोक्यात ठेवून. भेलूपुरातल्या विजयानगरमच्या वाड्याकडे कशाला कोण वळतंय! पण या विझींनी १९२६ साली स्वतःची क्रिकेट टीम उभी केली, राजवाड्याच्या आवारात मैदान केलं आणि देशातून, परदेशातून खेळाडू गोळा करायला सुरुवात केली. वय वर्षं वीस-एकवीस. हाताशी पैसा, डोक्यावर राज्याचा भार नाही, आणि मनात एकच इच्छा: भारतीय क्रिकेटमध्ये आपला शब्द चालला पाहिजे.

त्या वेळी तो शब्द होता पतियाळाच्या भूपिंदरसिंगांचा. त्यांनी ऑस्ट्रेलियाचा फ्रँक टॅरंट पदरी ठेवला होता, यॉर्कशायरचा विल्फ्रेड ऱ्होड्स येऊन शिकवून गेला होता. त्यांच्यापुढे उठून दिसायचं तर तसाच मोठा मोहरा हवा.

संधी आली ती राजकारणातून. १९३० हे मिठाच्या सत्याग्रहाचं वर्ष. सविनय कायदेभंग पेटला होता, तुरुंग भरले होते. १९३०-३१ च्या हिवाळ्यात एमसीसीची टीम भारतात यायची होती, तो दौरा रद्द झाला. मुंबईची चौरंगी स्पर्धा त्या साली झाली नाही, पुढची काही वर्षंही झाली नाही. देशातलं मोठं क्रिकेट जवळपास थंडावलं होतं आणि नेमकं तेव्हा विझींनी जाहीर केलं: एमसीसी नसेल येत तर माझी टीम दौरा काढेल, भारतात आणि सिलोनमध्ये. आणि या टीममध्ये असतील जॅक हॉब्ज आणि हर्बर्ट सटक्लिफ.

आज ऐकताना याचं वजन कळणार नाही. ही इंग्लंडची सलामीची जोडी, अनेकांच्या मते जगातली सर्वोत्तम. सटक्लिफ छत्तीस वर्षांचा, ऐन भरात. हॉब्जचा जन्म १६ डिसेंबर १८८२ चा, म्हणजे दौऱ्याच्या हिवाळ्यात त्याने अठ्ठेचाळीस पूर्ण केली. ऑगस्ट १९३० मध्ये ओव्हलवर तो शेवटची कसोटी खेळला होता. आजच्या ग्रुपवर कुणीतरी लगेच टाकलं असतं, संपलेला माणूस आहे, पैसे पाण्यात.

पण हॉब्ज संपलेला नव्हता. त्याची जवळपास निम्मी प्रथम श्रेणी शतकं चाळिशीनंतरची आहेत. पाय मंदावले तसा त्याने खेळ बदलला, धोक्याचे फटके कमी केले, धावा येतच राहिल्या. सरेकडून तो १९३४ पर्यंत खेळला. म्हणजे निव्वळ फलंदाज म्हणून पाहिलं तर विझींचा सौदा अजिबात वेडगळ नव्हता. वय पाहून माणूस मोजणारे इथे चुकले असते.

आता तो न मिटलेला हिशोब. हॉब्जची एकूण शतकं किती, असं दोन जाणकारांना विचारा. विस्डेनच्या परंपरेतला म्हणेल १९७. दुसरा म्हणेल १९९. धावा एकीकडे ६१,२३७ आणि दुसरीकडे ६१,७६०. ही तफावत येते विझींच्या त्या दौऱ्यातून. बनारसच्या राजकुमाराच्या खासगी टीमचे ते सामने प्रथम श्रेणीचे धरायचे की नाहीत, यावर आकडेतज्ज्ञांचं एकमत झालेलं नाही. सटक्लिफचंही तेच, १४९ की १५१? खुद्द त्या काळात कुणी त्या सामन्यांकडे तसं पाहिलं नव्हतं. ते नंतरच्या संशोधकांनी ठरवलं. मला ही गोष्ट फार गमतीची वाटते. जगातल्या सगळ्यात मोठ्या धावांच्या ढिगाला बनारसच्या पैशाने एक फांदी फुटली आहे आणि ती छाटावी की ठेवावी हे ठरत नाही.

बरं, मग विझींना मिळालं काय? धावा मिळाल्या, टाळ्या मिळाल्या. हॉब्ज-सटक्लिफला पाहायला लोक आले. पण विझी कप्तान होते हे विसरू नका. ज्या टीममध्ये हॉब्ज खेळतो त्या टीमचा कप्तान म्हणून त्यांचं नाव सिलोनपर्यंत पोहोचलं. खरी खरेदी ती होती. खेळाडूच्या बॅटीतून निघालेली प्रतिष्ठा मालकाच्या खात्यात जमा झाली. १९३२ च्या इंग्लंड दौऱ्याच्या वेळी त्यांनी क्रिकेट बोर्डाला ५०,००० रुपये दिले. व्हाइसरॉय विलिंग्डन यांच्याशी जवळीक वाढली. दुसरीकडे त्याच दौऱ्याची निवड चालू असताना विजय मर्चंट, एल. पी. जय आणि चंपकलाल मेहता यांनी, गांधीजी तुरुंगात असताना आम्ही खेळायला जाणार नाही, म्हणून नावं काढून घेतली. एकीकडे खेळता येत असून न जाणारे, आणि दुसरीकडे हे.

१९३६ साली विझी इंग्लंडला गेले ते भारताचे कप्तान म्हणून. त्या दौऱ्याची कथा तुम्ही ऐकली असेल. लाला अमरनाथना, टीमचा सर्वांत चांगला अष्टपैलू, पहिल्या कसोटीआधीच शिस्तीच्या नावाखाली बोटीत बसवून परत पाठवलं. तीन कसोट्यांची मालिका २-० अशी गेली. कप्तानाच्या तीन कसोट्यांतल्या धावा मिळून ३३. याच दौऱ्यात त्यांना 'सर' ही पदवीही मिळाली! पुढे मुंबईचे सरन्यायाधीश ब्यूमाँट यांच्या समितीने चौकशी केली, अमरनाथ सुटले, आणि कप्तानाला क्षेत्ररचना आणि गोलंदाजीतले बदल उमगत नव्हते असा स्पष्ट शेरा आला.

या निकालाला हॉब्ज जबाबदार आहे असं मी म्हणत नाहीये. तो आला, खेळला, गेला. पण १९३० च्या सौद्याची खरी किंमत मला १९३६ मध्ये दिसते. ती विझींनी नाही भरली, अमरनाथनी भरली. पंचविशीच्या उंबरठ्यावरचा, ऐन फॉर्मातला खेळाडू, आणि आपली पुढची कसोटी त्याला महायुद्धानंतर, १९४६ साली मिळाली.

याच सुमाराला अमेरिकेत काय चाललं होतं पाहा. बेब रूथ, बेसबॉलचा सगळ्यात मोठा ठोकणारा. १९३५ साली न्यूयॉर्कच्या यांकीजनी त्याला मोकळं केलं तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता. बॉस्टन ब्रेव्हज या टीमचा मालक एमिल फुक्स कर्जात बुडालेला. त्याने रूथला आणलं, उपाध्यक्ष वगैरे पद दिलं, पुढेमागे मॅनेजर करू असं गाजरही दाखवलं. उद्देश एकच, तिकिटं खपावीत. रूथने २५ मे रोजी पिट्सबर्गला एका सामन्यात तीन होम रन मारले, आणि त्यानंतर आठवड्याभरात खेळ सोडला. बाकी गुडघे गेलेले, धावणं जमत नव्हतं. ब्रेव्हज त्या मोसमात ३८ सामने जिंकले आणि ११५ हरले. मालकाच्या हातून टीमही गेली. इथे मात्र 'पैसे पाण्यात' म्हणणारे बरोबर ठरले.

हॉब्ज अठ्ठेचाळिसाव्या वर्षी चालला, रूथ चाळिसाव्या वर्षी चालला नाही. म्हणून मी वय बाजूला ठेवतो आणि खरेदी करणाऱ्याकडे बघतो. आणि मग आपल्याला इंदूरला जावं लागतं.

रूथ १८९५ चा. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला नागपुरात एक मुलगा जन्मला, सी. के. नायडू. १९२३ साली होळकरांनी त्यांना इंदूरला बोलावलं आणि फौजेत कॅप्टन केलं. तेव्हा वय अठ्ठावीसच्या आत. १९२६ च्या डिसेंबरात मुंबईच्या जिमखान्यावर एमसीसीविरुद्ध १५३ धावा आणि त्यात ११ षटकार, ही पुढची गोष्ट. सांगायचं ते असं की होळकरांनी माणूस आणला तो एका हिवाळ्यासाठी नाही. सी. के. तिथेच राहिले, तीसेक वर्षं. पोरं निवडली, त्यांना घासलं, शिस्त लावली. मुश्ताक अली त्यांच्याच नजरेला पडलेला इंदूरचा मुलगा. चंदू सरवटे, नागपूरचे हिरालाल गायकवाड, कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर, धाकटे नायडू सी. एस., सगळे होळकरांच्या टीममध्ये आले. १४ हंगामांत १० वेळा रणजी करंडकाची अंतिम फेरी आणि ४ वेळा विजेतेपद.

होळकरांनी पाहुणाही खेळवून पाहिला. १९४४-४५ चा अंतिम सामना, ब्रेबॉर्नवर, समोर मुंबई. युद्धामुळे महूच्या छावणीत असलेला डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून उतरला. विजयासाठी ८६७ हव्या होत्या! कॉम्प्टनने नाबाद २४९ केल्या, मुश्ताकने दोन्ही डावांत शतकं काढली, तरी होळकर ३७४ धावांनी हरले. जिंकले ते पुढच्याच हंगामात, तो त्यांचा पहिला करंडक. कणा तोच, सी. कें.च्या हाताखाली वर्षानुवर्षं घडलेला.

विझींवर अन्याय नको. शाळकरी मुश्ताकला बनारसला नेऊन सरावाला लावणारे विझीच होते. तिशीच्या दशकात वेस्ट इंडिजचा लिअरी कॉन्स्टंटाइनही त्यांनी भारतात आणला. १९३६ च्या जुलैत मँचेस्टरला मर्चंट आणि मुश्ताकने सलामीला २०३ धावा जोडल्या. परदेशात कसोटी शतक करणारा पहिला भारतीय तोच मुश्ताक. म्हणजे विझींच्या पैशातला एक हिस्सा असा होता जो कुठेही जाहीर झाला नाही, फोटोत आला नाही, आणि सगळ्यात जास्त तोच फळला. एका हॉब्जच्या खर्चात असे किती मुश्ताक शिकले असते, हा प्रश्न मला सुटत नाही.

पुणेकर आता म्हणतील, आमच्या देवधरांचं काय? खरंच आहे. प्रा. दि. ब. देवधर, संस्कृतचे प्राध्यापक, जन्म १४ जानेवारी १८९२. १९४०-४१ च्या हंगामात त्यांनी मुंबईविरुद्ध २४६ केल्या, म्हणजे हॉब्ज ज्या वयात बनारसकडून खेळला साधारण त्याच वयात. लागोपाठ दोन वर्षं महाराष्ट्राला रणजी करंडक मिळाला. घरचाच ज्येष्ठ, ना सौदा ना ट्रेड. पण असा माणूस प्रत्येक गावाच्या नशिबी नसतो, त्यामुळे तो उपाय म्हणून सांगता येत नाही.

आता शेवटचा धागा, तो पुन्हा गंगेकाठच्या राज्यात जातो. स्वातंत्र्यानंतर विझी उत्तर प्रदेशच्या क्रिकेटचे कर्तेधर्ते झाले, पन्नाशीच्या दशकात भारतीय बोर्डाचे अध्यक्षही होते. १९३६ च्या दौऱ्यात त्यांचं आणि सी. के. नायडूंचं किती बिनसलं होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि १९५६-५७ च्या रणजी हंगामात उत्तर प्रदेशचा कप्तान कोण? सी. के. नायडू. वय एकसष्ट. राजस्थानविरुद्ध त्यांनी ८४ धावा केल्या, समोर विनू मंकडसारखा गोलंदाज असताना. रणजीतल्या शेवटच्या डावात ५२.

विझी २ डिसेंबर १९६५ ला बनारसमध्येच वारले. काशीत गंजारीला २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय स्टेडियमची पायाभरणी झाली. कधी त्या बाजूला गेलात तर भेलूपुरातूनही एक फेरी मारा. हॉब्जची दोन शतकं धरायची की नाही, हा वाद याच शहरातल्या एका वाड्यातून सुरू झाला.