ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरावर थांबते?

पिंपरी - नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना गतीची गणिते अवघड वाटतात. सूत्रे पाठ असतात. पण कोणते सूत्र कधी वापरावे, येथे गाडे अडते. राज्य मंडळाच्या २०१७ साली आलेल्या नववीच्या विज्ञान पुस्तकाची सुरुवातच 'गतीचे नियम' या पाठाने होते. भोसरी, मोशी, चाकण या औद्योगिक पट्ट्यातील विद्यार्थ्यांना या पाठाचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. पुणे-नाशिक महामार्गावर मालमोटारी, कामगारांच्या बस आणि दुचाक्या एकत्रच धावतात.

गणित असे आहे : एक मोटार ताशी ७२ किलोमीटर वेगाने जात आहे. ब्रेक दाबल्यावर तिचे ऋण त्वरण ५ मी/से² आहे. ती किती अंतरावर थांबेल?

आधी एकके बदला

त्वरण मीटर आणि सेकंदात दिले आहे. म्हणून वेगही त्याच एककांत हवा. किलोमीटरचे १००० मीटर आणि तासाचे ३६०० सेकंद होतात. त्यामुळे वेगाला ५/१८ ने गुणावे. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. सर्वाधिक चुका याच पायरीवर होतात.

सूत्राची निवड

थांबण्यास लागलेला काळ दिलेला नाही; म्हणून काळ नसलेले समीकरण घ्यावे. अंतिम वेगाचा वर्ग = सुरुवातीच्या वेगाचा वर्ग + (२ × त्वरण × अंतर). मोटार थांबते, म्हणून अंतिम वेग शून्य. वेग कमी होत असल्याने त्वरण उणे ५.

० = ४०० - (१० × अंतर)
अंतर = ४० मीटर

हाच वेग ताशी ३६ किलोमीटर असता, तर अंतर १० मीटर आले असते. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट होते, कारण सूत्रात वेगाचा वर्ग आहे.

वस्तुमानाचे काय?

मालमोटार जड, म्हणून गणितात तिचे वस्तुमान घालावे, असे अनेकांना वाटते. त्वरण दिलेले असेल, तर अंतर काढण्यासाठी वस्तुमान लागत नाही. ते बलासाठी लागते. १ टनाच्या मोटारीला हे त्वरण देण्यासाठी ५,००० न्यूटन, तर १६ टनांच्या मालमोटारीला ८०,००० न्यूटन बल हवे. ओल्या रस्त्यावर घर्षण कमी मिळते. त्वरण निम्मे झाल्यास ४० मीटरचे अंतर ८० मीटर होते.

पुस्तक आणि रस्ता

पुस्तकातील गणित ब्रेक दाबल्यापासून सुरू होते. रस्त्यावरचे गणित अडथळा दिसल्यापासून. चालकाला ब्रेक दाबण्यास एक सेकंद लागला असे मानले, तर तेवढ्यात मोटार २० मीटर पुढे जाते. एकूण अंतर ६० मीटर होते.

आता याच मोटारीपुढे ५० मीटरवर एक मुलगा रस्ता ओलांडू लागला, असे समजा. पहिले २० मीटर ब्रेकविना गेले, उरले ३० मीटर. अंतिम वेगाचा वर्ग = ४०० - (१० × ३०) = १००. म्हणजे मोटार मुलापाशी पोहोचेल, तेव्हा तिचा वेग अजून सेकंदाला १० मीटर, अर्थात ताशी ३६ किलोमीटर असेल. रस्ता ओलांडताना 'गाडी अजून लांब आहे' असे वाटत असेल, तर हे गणित आठवावे.