दुसऱ्या पसंतीची मोजणी

१९६९च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत पहिल्या पसंतीच्या मतांवर कोणीच निवडून आले नाही. भारतात असे आजवर एकदाच घडले. मतपत्रिका पुन्हा वाटून मोजाव्या लागल्या, निकाल थोड्या फरकाने लागला आणि त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाल्या. सातारा-सांगलीचा या प्रकरणाशी संबंध येतो तो यशवंतराव चव्हाणांमुळे. १९६७ मध्ये ते सातारा मतदारसंघातून लोकसभेवर गेले होते आणि केंद्रात गृहमंत्री होते. त्यांचे जन्मगाव देवराष्ट्रे मूळचे सातारा जिल्ह्यातले. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा निघाला, १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. त्यामुळे त्यांचे जन्मगाव आणि त्यांचे कराड आज दोन जिल्ह्यांत आहेत.

राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचे ३ मे १९६९ रोजी निधन झाले. काँग्रेसचा उमेदवार ठरवण्यासाठी जुलैत बंगळूरला संसदीय मंडळाची बैठक झाली. पंतप्रधान इंदिरा गांधींनी जगजीवनराम यांचे नाव सुचवले. कामराज, मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांनी नीलम संजीव रेड्डींच्या बाजूने मत दिले आणि चव्हाणही त्यांच्यासोबत गेले. चाराविरुद्ध दोन मतांनी रेड्डी उमेदवार ठरले. चव्हाण दुसरीकडे वळले असते तर पारडे समान झाले असते. म्हणूनच त्यांचे मत पंतप्रधानांना सर्वांत जास्त खटकले असणार. इंदिरा गांधींनी रेड्डींच्या अर्जावर सही केली खरी, पण मतदानाच्या तोंडावर आमदार-खासदारांना आतल्या आवाजाप्रमाणे मत देण्याचे आवाहन केले. त्याचा फायदा अपक्ष उभे राहिलेल्या व्ही. व्ही. गिरींना होणार हे उघड होते. जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाने चिंतामणराव देशमुखांना पाठिंबा दिला. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडणारे ते हेच. पंधरा उमेदवारांत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे जुने सरचिटणीस पां. ना. राजभोजही होते.

या निवडणुकीत प्रत्येक मताला वजन असते. खासदाराच्या मताचे मूल्य तेव्हा ५७६ होते. आमदाराच्या मताचे मूल्य राज्याच्या लोकसंख्येवरून ठरते. महाराष्ट्रासाठी ते १४६ होते, म्हणजे कराडच्या आमदाराचे मत १४६ धरायचे आणि मिरजेच्या आमदाराचेही तेवढेच. मतदाराने नावांपुढे १, २, ३ असा पसंतिक्रम लिहायचा. वैध मतांच्या निम्म्यात एक मिळवून येणारा कोटा कोणी गाठला नाही, तर सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीनुसार इतरांच्या खात्यात जातात.

मतदान १६ ऑगस्टला झाले, मोजणी २० ऑगस्टला. कोटा ४,१८,१६९ होता. पहिल्या फेरीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मते पडली. गिरींना १६,६५४ मते कमी होती. बाद उमेदवारांची मते वाटली जाऊ लागली तेव्हा ओघ रेड्डींकडे होता. त्यांच्या खात्यात ९१,८७९ मते आली, गिरींच्या खात्यात १८,५६२. तरीही गिरी ४,२०,०७७ वर पोहोचले आणि रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. कोट्यापेक्षा गिरींना अवघी १,९०८ मते जास्त होती, म्हणजे चार खासदारांच्या मतांपेक्षाही कमी.

यानंतर वाद पेटला तो आकड्यांवरून नव्हे. अमेरिकेत २००० साली फ्लोरिडात मतपत्रिकेवरची खूण कशी वाचायची यावर भांडण झाले. इथे मुख्य तक्रार मतदाराच्या मनावर कोणी दबाव आणला, ही होती. रेड्डींची बदनामी करणारे एक निनावी पत्रक खासदार-आमदारांमध्ये फिरले होते आणि तो गैरवाजवी प्रभाव आहे असा याचिकाकर्त्यांचा दावा होता. पदावर असलेले राष्ट्रपती गिरी स्वतः साक्षीला हजर राहिले. कायद्याने न्यायालयात न येण्याची मुभा दिली असताना त्यांनी उलटतपासणीला तोंड दिले, ही या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणावी लागेल. पत्रकात त्यांचा हात किंवा संमती असल्याचे सिद्ध झाले नाही आणि १९७० मध्ये याचिका फेटाळल्या गेल्या.

चव्हाणांनी निकालानंतर समेटाचा मार्ग धरला. ऑगस्टअखेरीस काँग्रेस कार्यकारिणीने एकतेचा ठराव केला, त्यात त्यांचा पुढाकार होता. नोव्हेंबरात पक्ष फुटलाच, तेव्हा ते इंदिरा गांधींसोबत राहिले. जून १९७० मध्ये गृहखाते त्यांच्याकडून गेले आणि अर्थखाते मिळाले.

कायदाही बदलला. १९७४ च्या दुरुस्तीने राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराला दहा सूचक, दहा अनुमोदक आणि २,५०० रुपये अनामत बंधनकारक झाली. पुढे १९९७ मध्ये सूचक आणि अनुमोदक प्रत्येकी पन्नास आणि अनामत १५,००० रुपये करण्यात आली.