भोगवर्धनचे कारागीर आणि त्यांची नावे

जालना जिल्ह्यातील भोकरदन हे केळणा नदीकाठचे तालुक्याचे गाव. त्याचे प्राचीन नाव भोगवर्धन. सांची आणि भारहूत येथील स्तूपांवर दान देणाऱ्यांची जी गावे कोरली आहेत त्यांत हे नाव सापडते. उज्जयिनीहून प्रतिष्ठानकडे, म्हणजे पैठणकडे, येणाऱ्या व्यापारी मार्गावर ते होते. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांच्या वतीने शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी येथे उत्खनन केले. त्यात सातवाहन काळातील मणी, शंखाच्या बांगड्या, मृण्मूर्ती आणि हस्तिदंती वस्तू मिळाल्या. या वस्तू घडवणाऱ्यांना त्यांच्या काळी काय म्हणत, हे मात्र माती सांगत नाही. ते लेण्यांतील आणि स्तूपांवरील प्राकृत लेखांतून कळते.

भोकरदनची सर्वांत गाजलेली वस्तू म्हणजे हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा खालचा भाग. मधे उभी स्त्री आणि दोन्ही बाजूंना एकेक लहानशी सेविका, अशी तिची घडण. इटलीतील पाँपेई शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे १९३८ मध्ये अशाच घडणीची वीतभर उंचीची मूर्ती मिळाली होती. ती सध्या नेपल्सच्या संग्रहालयात आहे. ती आरशाची मूठ होती की एखाद्या आसनाचा पाय, हा वाद जुना आहे. भोकरदनच्या शोधानंतर ती इकडेच घडली असावी, असे मत पुढे आले. तिच्या तळाशी खरोष्ठी अक्षर असल्याने तिचे नाते वायव्य भारताशी जोडणारेही आहेत. घडण पाहता दख्खनचा दावा दुबळा नाही.

हस्तिदंत कोरणाऱ्याला प्राकृतात ‘दंतकार’ म्हणत. सांचीच्या दक्षिण तोरणावरील कोरीवकाम विदिशेच्या दंतकारांनी केले, असे तेथील लेखात स्पष्ट म्हटले आहे. हस्तिदंतावर बसलेला हात दगडावरही चालला, याचा हा लेखी पुरावाच. त्याच तोरणावर सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याचेही दान नोंदलेले आहे. त्याचा हुद्दा ‘आवेसनी’. आवेशन म्हणजे कारागिरांची कार्यशाळा, आणि आवेसनी म्हणजे तिचा मुकादम.

‘कार’ जोडून बनलेल्या अशा नावांतली बरीचशी झिजून मराठीत आली. कुंभकाराचा कुंभार, लोहकाराचा लोहार, सुवर्णकाराचा सोनार झाला. कान्हेरीच्या लेखांत ‘मणिकार’ येतो; बांगड्या विकणारा मनियार त्याच शब्दापासून आला. जुन्नरच्या लेखात ‘कासाकार’ आहेत, म्हणजे काशाची भांडी करणाऱ्यांची श्रेणी, त्यांचा व्यवसायसंघ. कासे म्हणजे तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू; तळपाय चोळायची वाटी याच काशाची. कासाकाराचा कासार झाला, पण आज बायका कासाराकडे जातात त्या बांगड्या भरायला, आणि त्या असतात काचेच्या. नावातले कासे मागे पडले, हातातला माल बदलला, तरी नाव तेच राहिले. दंतकाराला मात्र मराठीत असा वारस मिळाला नाही. ज्याच्याकडे गावाचे रोजचे काम होते त्याचे नाव तगले. दूरच्या श्रीमंत गिऱ्हाइकावर जगणाऱ्याचे गेले.

सुताराची गोष्ट थोडी वेगळी. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दारावरील लेखात धेनुकाकट येथील एका ‘वढकी’चे नाव आहे. जालन्याला लागून असलेल्या विदर्भात सुताराला अजून वाढई म्हणतात, तो हाच शब्द. ‘सुतार’ हा शब्द सूत्रधारावरून आला. सूत्र म्हणजे मापाची दोरी. ती धरणारा तो सूत्रधार.

विणकरांचा शब्द सर्वांत लांबचा प्रवास करून आला आहे. नाशिकच्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा वर्ष ४२ चा लेख आहे. त्याने गोवर्धन येथील ‘कोलिक’ म्हणजे विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण नाणी दरमहा शेकडा एक व्याजाने आणि दुसऱ्या श्रेणीकडे १००० कार्षापण शेकडा पाऊण व्याजाने कायमचे ठेवले. मोठ्या ठेवीच्या व्याजातून लेण्यातील भिक्षूंना वस्त्रे द्यायची होती. म्हणजे हे विणकर मागावर कापड काढत आणि पेढीही चालवत. प्राकृतात ‘कोलिअ’ म्हणजे विणकरही आणि जाळे विणणारा किडाही. मराठीत विणकराला हा शब्द उरला नाही. भिंतीच्या कोपऱ्यात जाळे विणणारा कोळी मात्र तेच नाव चालवतो.

जालना शहराच्या नावाचा उगमही परंपरा विणकराशीच जोडते. एका धनाढ्य मुसलमान व्यापाऱ्याच्या सांगण्यावरून गावाला जालना नाव पडले आणि तो जातीने जुलाहा, म्हणजे विणकर, होता, अशी ही कथा. जुलाहा हा शब्द फारसीतून आला. गंमत अशी की फारसीतही त्याचे विणकर आणि कोळी असे दोन्ही अर्थ होतात.

आज जालन्याची ओळख बियाणे आणि लोखंड यांवर आहे. येथील कारखान्यांत भंगार वितळवून बिलेट ओततात, ते पुन्हा तापवून रुळांतून काढतात आणि बांधकामाची सळई तयार होते. ‘सळई’ हा संस्कृत ‘शलाका’चा मराठी अवतार. सातवाहन काळात शलाका होती ती डोळ्यांत काजळ घालायची बोटभर काडी, तांब्याची नाहीतर हस्तिदंताची. जालन्यातून ट्रकांवर चढते ती सळई पोलादाची असते आणि साधारण चाळीस फूट लांब भरते.