नैनीतालमध्ये घर घेताना : चतुःसीमेत न येणारी बाजू

आजचा विषय आहे तळ्याकाठच्या एका लहान गावातले घरांचे व्यवहार. गाव कुमाऊंमधलं नैनीताल. निवृत्तीनंतर अशा ठिकाणी एखादं जुनं घर घ्यावं, असं आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात असतं. घर पाहायला गेलं की पहिला प्रश्न येतो, ‘तळं दिसतं का?’ नैनीतालचा इतिहास मात्र सांगतो, की आधी विचारा, ‘घराच्या वर काय आहे?’

सुरुवातीपासून पाहू. शाहजहानपूरजवळ रोझा इथे साखरेचा धंदा करणारा बॅरन नावाचा इंग्रज १८४१ मध्ये या तळ्यापाशी पोचला. तळ्याभोवतीच्या जमिनीवर नरसिंह या स्थानिक थोकदाराचा हक्क होता. थोकदार म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडचा वतनदार. बॅरनने ‘पिलग्रिम’ या टोपणनावाने स्वतःच लिहून ठेवलंय, की त्याने नरसिंहाला नावेत घालून तळ्याच्या मध्यावर नेलं आणि बुडण्याची भीती घालून हक्क सोडल्याचं लिहून घेतलं. हे तो मोठ्या गमतीने सांगतो. आपल्याला त्यात गंमत वाटायचं कारण नाही. इथल्या जमिनीच्या कागदांची सुरुवात अशी झाली.

पुढच्या चाळीस वर्षांत उतार खणून, झाडं तोडून बंगले आणि हॉटेलं उभी राहिली. तळ्याच्या उत्तरेकडच्या उतारावर १८६६ आणि १८७९ मध्ये दरडी कोसळल्या, तरी बांधकाम थांबलं नाही. मग १८ सप्टेंबर १८८० उजाडला. आदल्या दोन दिवसांपासून पाऊस कोसळत होता. सकाळी एक दरड आली, तिच्या ढिगाऱ्यातून माणसं काढायला लोक धावले आणि दुपारी मोठी दरड त्यांच्याच अंगावर आली. व्हिक्टोरिया हॉटेल गेलं, नैनादेवीचं देऊळ गेलं, १५१ माणसं गेली. त्यातली १०८ हिंदी होती.

यानंतरचा एक व्यवहार पाहण्यासारखा आहे. शिकारी आणि लेखक जिम कॉर्बेट आपल्याला माहीत आहे. त्याची आई मेरी जेन घरांच्या भाड्या-विक्रीचा व्यवसाय करायची, म्हणजे गावातलं कुठलं घर कसं आहे हे तिला चांगलं ठाऊक होतं. १८८१ मध्ये नवरा वारला. त्याच सुमारास तिने घर उभारलं ते तळ्याच्या पलीकडे, अयारपाटा डोंगरावर. ते गर्नी हाउस. अयारपाट्याचा खडक मुख्यतः चुनखडीचा, तर दरड आलेल्या शेर-का-डांडाच्या बाजूला ठिसूळ पाटीचा दगड. कॉर्बेट भावंडांनी १९४७ साली ते घर विकलं आणि केनियाला गेली. घर आजही उभं आहे.

सरकारनेही धडा घेतला. डोंगरउतारांवर दगडी नाल्यांचं जाळं बांधलं, म्हणजे पाणी जमिनीत न मुरता सरळ तळ्यात उतरेल. आज गाव टिकून आहे त्यात या नाल्यांचा वाटा मोठा आहे. पण नाला कुणाच्या तरी कुंपणाजवळून जातो. कुणी त्यावर खोली काढतो, कुणी राडारोडा टाकतो. प्रकरण न्यायालयात गेलं आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावात बहुमजली गृहसंकुलं नकोत असं बजावलं. तरीही २०१८ च्या ऑगस्टमध्ये लोअर मॉल रोडचा एक तुकडा तळ्यात गेलाच.

आता घर घेणाऱ्याने काय करायचं? खरेदीखतात चतुःसीमा असते : पूर्वेला अमुक, पश्चिमेला तमुक. वर कोण आणि खाली कोण, हे त्यात नसतं. डोंगरावर मात्र तेच महत्त्वाचं. वरच्याचं पाणी तुमच्याकडे येतं, तुमचं खालच्याकडे जातं, आणि शेवटी तळ्यात, जिथून गावाला प्यायचं पाणी मिळतं. म्हणून घर उन्हाळ्यात आवडलं, तरी सौदा करण्याआधी एकदा भर पावसात जाऊन या. भिंतींना तडे आहेत का, देवदार वाकलेत का ते बघा. आणि नाला कुठून जातो ते विचारा. घर घेतलंत, की तो मोकळा ठेवणं तुमच्याकडे आलं.