चाळीसचा फलक

संपादक मंडळाने मला शाळेच्या जुन्या इमारतीवर लिहायला सांगितलं होतं. ते काम माझ्यापेक्षा चांगलं करणारे आपल्या बॅचमध्ये आहेत. मी लिहितोय शाळेसमोरच्या रस्त्यावर. कारण आपल्या ग्रुपवर गेल्या दिवाळीत जे भांडण पेटलं, ते त्या रस्त्याचंच होतं, आणि ते पेटवलं मी.

झालं असं. धुळ्याहून जळगावला येत होतो. सकाळची वेळ, रस्ता मोकळा, चारपदरी, मध्ये दुभाजक. आपल्या शाळेच्या अलीकडे लाल कडेचा गोल फलक आहे, ४० चा. मी साठच्या थोडा पुढे असेन. संध्याकाळी मोबाईलवर चलन आलं. मी ते तसंच ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, "एवढ्या मोठ्या रस्त्याला चाळीस? बैलगाड्या चालवायच्या का?" ट्रान्सपोर्टच्या धंद्यातला आपला मित्र लगेच म्हणाला, "भाऊ, मी तर वीस वर्षं बोंबलतोय." आपल्यातल्या एका शिक्षिका मैत्रिणीने फक्त एवढंच लिहिलं, "नववीतलं आठवतं का?" त्यानंतर दिवसभर कोणी काही टाकलं नाही.

माझं आयुष्य पाटबंधारे खात्यात मोजमापं घेण्यात गेलं. इतिहास हा माझा विषय नव्हे, सरांना माझे गुण आठवत असतील. पण निवृत्तीनंतर वेळ होता, म्हणून हा रस्ता आला कुठून आणि त्यावरचा आकडा आला कुठून, हे शोधायला बसलो.

आधी रस्ता. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला तेव्हा कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे मुख्य ठाणं केलं. पुढे मुंबई-आग्रा रस्ता धुळ्यातूनच गेला आणि धुळ्याचा बाजार त्याच्या दोन्ही बाजूंना वाढला. आजही धुळेकर त्या बाजाराला 'आग्रा रोड' म्हणतात. आग्र्याला जाणारी वाहनं कधीच शहराबाहेरच्या रस्त्याने वळवली गेली, नाव मात्र साड्यांच्या नि भांड्यांच्या दुकानांपाशी राहिलं. जळगावचं तसं नाही. जळगाव वाढलं ते रेल्वेमुळे आणि कापसामुळे. १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, एकाचं ठाणं जळगाव, दुसऱ्याचं धुळे. दोन कचेऱ्या जोडणारा रस्ता पारोळा, एरंडोल, पाळधी करत बांभोरीला गिरणा ओलांडून जळगावला यायचा.

१९५६ चा राष्ट्रीय महामार्ग कायदा झाला, त्याच्या परिशिष्टात महामार्ग क्रमांक ६ ची सुरुवात कुठून सांगितली आहे? धुळ्याजवळ क्रमांक ३ ला जिथे फाटा फुटतो तिथून. आणि तिथून नागपूर, रायपूर, संबलपूर करत थेट कलकत्त्यापर्यंत. सुरत, हजिरा हे नंतर जोडलं गेलं. म्हणजे मधल्या सुट्टीत आपण ज्या रस्त्याच्या कडेला बोरं खायचो, तो देशाच्या कागदावर धुळे-कलकत्ता रस्ता होता! २०१० मध्ये क्रमांक बदलले, सहाचा ५३ झाला. ट्रकवाल्यांच्या तोंडात अजून 'सिक्स नंबर'च आहे.

त्या वेळी हा रस्ता गावाच्या कडेने जात होता, हे नव्या मुलांना खरं वाटणार नाही. स्टेशन, बाजार, जुनं गाव सगळं उत्तरेला. दक्षिणेला शेतं. मग एकेक कॉलनी पलीकडे गेली, महाबळ भरलं, कॉलेजं, दवाखाने, क्लासेस आले, २००३ मध्ये महानगरपालिका झाली. रस्ता जागचा हलला नाही, गावच त्याच्या अंगावरून पलीकडे गेलं. कलकत्त्याला निघालेला ट्रक आणि दूध आणायला निघालेलं पोर एकाच डांबरावर आले. जळगावकरांनी समांतर रस्त्यांसाठी आंदोलनं केली, पाळधी-तरसोद वळणरस्त्याची वाट पाहण्यात किती उन्हाळे गेले ते तुम्हाला माहीतच आहे. मग शहरातला भाग चारपदरी झाला, प्रभात चौकात भुयारी मार्ग आला.

आता आकड्याचा इतिहास, आणि तो मला जास्त रंजक वाटला. इंग्लंडमध्ये १८६५ च्या कायद्याने यांत्रिक गाडीला गावात ताशी २ मैल आणि गावाबाहेर ४ मैल अशी मर्यादा होती, आणि पुढे एक माणूस लाल निशाण घेऊन चालायचा. (आमच्या ट्रान्सपोर्टवाल्या मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "जळगावात अजून तोच कायदा आहे.") १८९६ मध्ये ही मर्यादा १४ मैलांवर गेली, १९०३ मध्ये २० मैलांवर. १९३० मध्ये त्यांनी मोटारींची मर्यादाच काढून टाकली, कारण ती कोणीच पाळत नव्हतं. पाच वर्षंही टिकलं नाही. १९३४ मध्ये तिथल्या रस्त्यांवर सात हजारांवर माणसं मेली आणि मार्च १९३५ पासून वस्तीच्या भागात ताशी ३० मैल, म्हणजे आपले साधारण ४८ किलोमीटर, ही मर्यादा आली. ती आजही बहुतेक ठिकाणी तशीच आहे.

आपल्याकडे १९१४ मध्ये पहिला अखिल भारतीय मोटार कायदा आला, मग १९३९ चा, ज्याच्या आठव्या परिशिष्टात वेगमर्यादा दिल्या होत्या, आणि मग सध्याचा १९८८ चा. त्याचं कलम ११२ वाचण्यासारखं आहे. केंद्र सरकार कमाल वेग ठरवतं. २०१८ च्या अधिसूचनेत मोटारगाडीला द्रुतगती मार्गावर १२०, दुभाजक असलेल्या चारपदरी रस्त्यावर १०० आणि महापालिका हद्दीतल्या रस्त्यावर ७० अशी वरची रेघ होती. ट्रक आणि मोटरसायकलला महापालिका हद्दीत ६०. पण त्याच कलमात पुढे म्हटलंय की सार्वजनिक सुरक्षिततेसाठी किंवा रस्त्याच्या स्वरूपामुळे राज्य सरकारला त्याखाली मर्यादा लावता येते. आपल्या शाळेजवळचा ४० हा या खालच्या अधिकारातला आकडा. मित्राचा मुद्दा असा की रस्ता चारपदरी, दुभाजकाचा, म्हणजे स्वभावाने शंभरचा. तो महापालिकेत आला म्हणून सत्तरचा झाला, आणि शाळा आली म्हणून चाळीसचा. एकाच डांबरावर तीन कायदे.

त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. त्याच्याकडे आणखी एक मुद्दा आहे आणि तो शास्त्राचा आहे. अमेरिकेत वेगमर्यादा ठरवण्याची जुनी रीत अशी, की मोकळ्या वाहतुकीत शंभरातली ८५ वाहनं ज्या वेगाच्या आत चालतात तो वेग मोजायचा आणि मर्यादा त्याच्या आसपास ठेवायची. आपले रस्ते-अभियंतेही हा ८५ टक्क्यांचा वेग मोजतात. मागचा विचार असा की बहुतेक चालक शहाणे असतात, रस्ता बघून वेग धरतात. फार खाली आकडा लावला तर तो कोणी पाळत नाही, आणि एक फलक खोटा ठरला की पुढचे दहा खोटे ठरतात. पळासनेरला ४ जुलै २०२३ रोजी आग्रा मार्गावर कंटेनर हॉटेलात घुसला, किमान दहा माणसं गेली. तिथे प्रश्न ब्रेकचा होता, फलकाचा नव्हता. मित्र म्हणतो, "फलकाने गाडी थांबत नाही."

हे सगळं वाचून मी एका शनिवारी सकाळी शाळेच्या फाटकाजवळ जाऊन उभा राहिलो. शनिवारची शाळा सकाळची, तुम्हाला आठवत असेल. चाळीसच्या आत मला दिसले ते रिक्षावाले, एक ट्रॅक्टर आणि स्कूटीवरून नात सोडायला आलेले आजोबा. बाकी सगळे माझ्यासारखेच. म्हणजे ८५ टक्क्यांचं गणित केलं असतं तर मित्र सहज जिंकला असता. पण त्या गणितात मोजली जातात ती फक्त वाहनं. दुभाजकाच्या तुटक्या जागेतून दप्तर डोक्यावर धरून पळणाऱ्या चार मुली त्या शंभरात कुठेच नव्हत्या. त्यांनी वेग मोजला होता, पण त्यांचा कोणी मोजला नव्हता.

घरी येऊन हिशेब मांडला. रस्ते बांधणीच्या आपल्या मानकात चालकाला धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत अडीच सेकंद धरतात. गाडी पूर्ण थांबायला ताशी ४० ला ४५ मीटर लागतात आणि ६० ला ८० मीटर. साठवाला ब्रेकवर पाय ठेवेपर्यंतच जवळजवळ ४२ मीटर गेलेला असतो. चाळीसवाला त्यानंतर तीन मीटरांत उभा असतो. आणि धक्क्याचं म्हणाल तर सरांनी फळ्यावर लिहिलेलं सूत्र, वेगाचा वर्ग. चाळीसचा वर्ग सोळाशे, साठचा छत्तीसशे. सव्वादोनपट. दुसऱ्या बाजूला शहरातले सात किलोमीटर धरा. साठने सात मिनिटं, चाळीसने साडेदहा. साडेतीन मिनिटं वाचतात, सिग्नल नि गोल चौक सोडून.

नववीतलं आठवतं का, असं मैत्रिणीने विचारलं होतं. आठवतं. नाव लिहीत नाही, घरची माणसं अजून गावात आहेत. सायकल नवी होती, मामाने दिलेली. पावसाळा नुकताच सुरू झाला होता. त्या काळी रस्ता दुपदरी, साइडपट्टी चिखलाची, त्यामुळे सगळे डांबरावर यायचो. ट्रक पळून गेला नाही, ड्रायव्हर तिथेच डोकं धरून बसला होता आणि "दिखाही नहीं" एवढंच म्हणत होता. शाळा दोन दिवस बंद राहिली. तिसऱ्या दिवशी हजेरी घेताना बाई तो क्रमांक घेऊन थांबल्या, मग पुढचा घेतला. त्यानंतर वर्षभर तो क्रमांक रिकामाच होता. त्या ट्रकचा वेग किती होता हे मला माहीत नाही, कोणीच मोजला नाही, आणि तेव्हा तिथे कसला फलकही नव्हता.

माझे आबा एस.टी.त ड्रायव्हर होते, जळगाव-धुळे मार्गावर. ते म्हणायचे, वेग काट्यावर बघायचा नसतो, कडेला कोण उभं आहे ते बघायचं. तेव्हा मला वाटायचं की जुन्या गाड्या पळतच नव्हत्या म्हणून आबांना असं बोलणं परवडत होतं. आता मला वाटतं की शाळेसमोर, शाळेच्या वेळेत चाळीस जास्तच आहेत. वस्तीच्या रस्त्यावर माणसं आणि वाहनं मिसळतात तिथे ३० असावेत असं स्टॉकहोमच्या २०२० च्या जागतिक परिषदेत ठरलंय. पण रात्री अकराला, सुट्टीच्या दिवशी, फाटक बंद असताना तोच चाळीस खरोखरच गाढवपणा आहे, आणि त्यामुळेच सकाळचा चाळीसही कोणी मानत नाही. शिवाय रस्ता नुसता सरळ, रुंद, गुळगुळीत ठेवून वर हळू चालवा म्हणणं म्हणजे पोराला ताटात जिलबी वाढून खाऊ नको म्हणण्यासारखं. तिथे उंचवटा हवा, दुभाजकाची तुटकी जागा बंद हवी, आणि ओलांडायला उघडी, उजेडाची जागा हवी.

हे सगळं मी मित्राला फोनवर वाचून दाखवलं. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, वेळेचा फलक मला मान्य आहे, पण उंचवटा नको, केळीचे घड उडतात. मी म्हटलं, केळीसाठी गादी घाल. तो म्हणाला, भाडं तू देशील का? तिथे आमचं अडलं आहे.

आपल्या दोघांच्या सह्यांचं एक पत्र तयार आहे, फक्त वेळेच्या फलकाचं आणि दुभाजकाच्या जागेचं. उंचवट्याची ओळ कंसात ठेवली आहे. संमेलनाच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर ते ठेवलेलं असेल. भौतिकशास्त्राच्या सरांनी आधी वाचावं, सोळाशे-छत्तीसशे चुकलं असेल तर लाल शाईने दुरुस्त करावं. आणि धुळ्याकडून येणाऱ्यांनी गाडी फाटकासमोर उभी करू नये, मागच्या गल्लीत जागा केली आहे.